बायकोच्या प्रियकराला गोळी घातली, कोर्टातून सुटला आणि याच गड्यानं फोटोतला घोडा पळवून दाखवला

गेल्या दिवाळीत मी एक उद्योग केला. आमच्या घरी आजोबांचा एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो आहे. धोतर, टोपी, काखेत छत्री आणि बाजूला बैलजोडी. फोटोचा व्हिडिओ करून देणारं एक एआय ॲप फोनमध्ये होतंच. त्यात फोटो टाकला, खाली लिहिलं की आजोबा बैलांसोबत चालत येतायत, आणि दोन मिनिटांत पाच सेकंदांचा व्हिडिओ तयार. लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठे आले, बदाम आले, आत्यानं रडणारे इमोजी पाठवले. फक्त आजीनं फोन हातात घेऊन दोनदा बघितलं आणि परत दिला. हे काही ते नव्हेत, एवढंच तिचं म्हणणं पडलं.

आता कारण ऐका. आजोबा डाव्या पायानं लंगडायचे. पोरसवदा असताना चिंचेवरून पडले होते. व्हिडिओतले आजोबा मात्र सूटिंग-शर्टिंगच्या जाहिरातीतल्या मॉडेलसारखे ताठ चालत होते. आणि नीट निरखून बघितलं तर उजवीकडच्या बैलाला तिसऱ्या सेकंदाला पाचवा पाय फुटत होता आणि चौथ्या सेकंदाला तो गायबही होत होता.

म्हणजे फोटो हलला, पण तो कसा हलेल हे माझ्या हातात नव्हतं. सध्या एआयवर फोटोचे व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाची मुख्य डोकेदुखी हीच आहे. चेहरा छान येतो, उजेड छान येतो, हालचाल मात्र गंडते. आणि गंमत म्हणजे याच डोकेदुखीवर एका माणसानं दीडशे वर्षांपूर्वी अख्खं आयुष्य लावलं होतं. तेव्हा कॉम्प्युटर सोडा, फिल्मचा साधा रोलसुद्धा नव्हता.

त्या माणसाचं नाव एडवर्ड मायब्रिज.

खरंतर हे त्याचं मूळ नाव नाही. ९ एप्रिल १८३० ला लंडनजवळच्या किंग्स्टन-अपॉन-टेम्समध्ये तो जन्मला तेव्हा नाव होतं एडवर्ड जेम्स मगरिज. वडील धान्य आणि कोळशाचे व्यापारी. एडवर्ड १३ वर्षांचा असताना ते वारले. विशी गाठल्यावर गडी नशीब काढायला अमेरिकेला गेला आणि काही वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकांचं दुकान टाकून बसला. या सगळ्या काळात तो आडनाव थोडं थोडं बदलत राहिला. मगरिजचं मायग्रिज झालं, मायग्रिजचं मायब्रिज. पुढे एडवर्डचं स्पेलिंगसुद्धा त्यानं जुन्या सॅक्सन राजांच्या थाटाचं करून घेतलं. किंग्स्टनमध्ये सॅक्सन राजांच्या राज्याभिषेकाचा म्हणून एक दगड आहे, त्यावर कोरलेल्या नावावरून त्यानं ते उचललं असं मानलं जातं. फोटो विकायचा तेव्हा सही करायचा हेलिओस या नावानं, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. आणि मध्य अमेरिकेत गेला तेव्हा थेट एदुआर्दो सांतियागो झाला. इन्स्टाचं युजरनेम दर सहा महिन्यांनी बदलणारा एक मित्र प्रत्येकाला असतो ना, तसला प्रकार.

१८६० च्या जुलैत तो इंग्लंडला जायला निघाला. सॅन फ्रान्सिस्कोहून घोडागाडीनं देश ओलांडून पूर्व किनाऱ्याला जायचं आणि तिथून बोट, असा बेत होता. टेक्सासमध्ये गाडीचे ब्रेक निकामी झाले, घोडे बिथरले, चौखूर उधळले आणि गाडी आदळली. माणसं मेली. मायब्रिज बाहेर फेकला गेला, डोकं आपटलं. शुद्धीवर आला तेव्हा एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या होत्या. वास येईना, चव कळेना. अनेक महिने उपचार चालले, आधी अमेरिकेत, मग लंडनमध्ये.

लंडनच्या या मुक्कामात नक्की कधी आणि कुणाकडून तो फोटोग्राफी शिकला हे कोडंच आहे, पण १८६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत परत आलेला माणूस पुस्तकवाला राहिला नव्हता, फोटोग्राफर झाला होता. स्वभावही बदलला होता असं त्याचे जुने ओळखीचे सांगायचे. आधीचा हिशेबी, गोड बोलणारा दुकानदार आता तिरसट झालेला, कड्याच्या टोकावर पाय सोडून बसणारा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कोर्टात ती कामाला येते.

योसेमिटीच्या दरीचे त्यानं काढलेले फोटो खूप गाजले. तेव्हाची फोटोग्राफी म्हणजे हमाली होती. काचेवर ओलं रसायन पसरायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे डोंगरावर जाताना अंधारी खोलीसुद्धा सोबत न्यायची. त्या रसायनाला आकाश जरा जास्तच उजळ दिसायचं, त्यामुळे फोटोत आकाश कोरं पांढरं यायचं. मग मायब्रिज ढगांचे वेगळे फोटो काढून ठेवायचा आणि छापताना हव्या त्या दरीवर हवे ते ढग चिकटवायचा. आज आपण एआयला आकाश बदल म्हणून सांगतो, तो उद्योग या पठ्ठ्यानं तेव्हाच केला होता. याची पुढची पायरीही आपल्याला लवकरच भेटणार आहे.

१८७२ मध्ये त्याला बोलावणं आलं लेलँड स्टॅनफर्डचं. स्टॅनफर्ड म्हणजे कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मालक आणि रेसच्या घोड्यांचा शौकीन. त्याला एक प्रश्न छळत होता. घोडा जोरात दुडकी चालतो किंवा भरधाव पळतो तेव्हा एखाद्या क्षणी त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात का? डोळ्याला ते पकडता येत नव्हतं. या प्रश्नावर स्टॅनफर्डनं २५ हजार डॉलरची पैज लावली होती अशी गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती गोष्ट भारी आहे, पण तिला पुरावा सापडलेला नाही, त्यामुळे तिला आपण इथेच सोडू.

मायब्रिजनं स्टॅनफर्डच्या ऑक्सिडेंट नावाच्या घोड्याचे फोटो काढायचा प्रयत्न केला. काही सेकंद झाकण उघडं ठेवावं लागायचं त्या जमान्यात पळता घोडा टिपायचा होता. धूसर सावल्यांच्या पुढे गाडी सरकली नाही. आणि मग घरातच राडा झाला.

१८७१ मध्ये त्यानं फ्लोरा नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. तो ४१ चा, ती २१ ची. तो महिनोन्‌महिने डोंगरात, ती शहरात एकटी. हॅरी लार्किन्स नावाच्या एका रंगेल माणसाशी तिचं सूत जुळलं. १८७४ च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव फ्लोराडो हेलिओस. म्हणजे बापाचं टोपणनाव पोराला. त्या ऑक्टोबरमध्ये सुईणीच्या घरी मायब्रिजच्या हाताला बाळाचा एक फोटो लागला. त्यानं तो उलटा केला. मागे फ्लोराच्या अक्षरात लिहिलं होतं, लिटल हॅरी.

ज्याचा धंदाच फोटोचा, त्याला घरची गोष्ट फोटोच्या मागच्या बाजूला कळली.

१७ ऑक्टोबर १८७४ ला तो बोट, रेल्वे आणि शेवटी घोडागाडी करत कॅलिस्टोगाजवळच्या एका खाणीवर पोचला. लार्किन्स तिथे होता. मायब्रिजनं त्याला दारात बोलावलं, तुझ्या पत्राचं उत्तर आणलंय अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि गोळी घातली. लार्किन्स जागीच गेला.

नापामध्ये १८७५ च्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. वकिलानं तोच टेक्सासचा अपघात पुढे काढला. डोक्याला मार लागल्यापासून हा माणूस ताळ्यावर नाही, असा बचाव. जुने मित्र साक्षीला आले. ज्युरीनं वेडाचा बचाव मानला नाही, पण अशा प्रसंगी नवऱ्यानं गोळी घालणं समजण्यासारखं आहे असं ठरवून त्याला सोडूनही दिलं. आजच्या नजरेनं बघितलं तर हा निकाल पचायला जड जातो. मेलेल्या माणसाला आणि फ्लोराला त्या कोर्टात कुणी विचारलंच नाही. मायब्रिज बोटीत बसून ग्वातेमाला आणि पनामाला गेला आणि कॉफीच्या मळ्यांचे फोटो काढत राहिला. तो तिकडे असतानाच फ्लोरा आजारपणात वारली, २४ व्या वर्षी. पोरगं अनाथाश्रमात गेलं. फोटोग्राफीचा इतिहास लिहिणारे हे सगळं दोन ओळींत उरकतात, पण त्या पोरानं पुढे आयुष्यभर मजुरी आणि माळीकाम केलं, हे सांगायला पाहिजे.

परत आल्यावर स्टॅनफर्डनं पुन्हा काम दिलं. १८७७ मध्ये मायब्रिजनं ऑक्सिडेंटचा एक फोटो वर्तमानपत्रांना पाठवला. पळता घोडा एकदम स्पष्ट. पण लोक शंका घ्यायला लागले, आणि शंका रास्तच होती. ते चित्र फोटोवरून रंगवून, त्यावर गाडीवानाचा चेहरा चिकटवून आणि मग त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढून केलेलं होतं. योसेमिटीच्या ढगांची पुढची पायरी म्हटलं ना, ती हीच. त्या काळात हे सर्रास चालायचं हे खरं, पण इथे तर घोड्याचे पाय खरे कसे पडतात हाच मुद्दा होता! तिथेच रंग मारला तर मग उरलं काय?

टीका झोंबली असावी, कारण पुढच्या वेळी त्यानं साक्षीदारच बोलावले.

१५ जून १८७८. पालो आल्टोमधलं स्टॅनफर्डचं घोड्यांचं फार्म, म्हणजे पुढे जिथे स्टॅनफर्ड विद्यापीठ उभं राहिलं ती जागा. पत्रकार आणि रेसवाले हजर. एका शेडमध्ये १२ कॅमेरे ओळीनं मांडलेले. समोर ट्रॅक, त्यावर पांढरी पूड पसरलेली, पलीकडे पांढरी भिंत, त्यावर ठरावीक अंतरानं रेघा आणि आकडे. पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे उजेड भरपूर मिळायचा आणि घोडा काळा उठून दिसायचा. रेल्वेचा एक इंजिनिअर हाताशी धरून त्यानं विजेवर चालणारी शटर्स बनवली होती. आधी एब एजिंग्टन नावाचा घोडा दोनचाकी गाडी ओढत दुडकी गेला. गाडीचं चाक जमिनीवरच्या तारांवरून गेलं की त्या त्या कॅमेऱ्याचं शटर पडायचं. मग सॅली गार्डनर ही घोडी भरधाव पळाली. तिच्यासाठी ट्रॅकवर आडवे दोरे ताणले होते, तिच्या छातीनं दोरा तुटला की फोटो. या धावेत घोडीच्या खोगिराचा पट्टा तुटला. पत्रकारांसमोर काचा तिथल्या तिथे धुतल्या गेल्या, आणि तो तुटलेला पट्टा फोटोत तसाच्या तसा दिसला. आता नाही कोण म्हणणार?

घोड्याचे चारही पाय सुटतात, हे सिद्ध झालं. पण खरा धक्का वेगळाच होता. शेकडो वर्षं चित्रकार भरधाव घोडा काढताना पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे असे ताणून हवेत उडवायचे. जेरिकोचं १८२१ चं एप्सम डर्बीचं चित्र बघा, लूव्रमध्ये आहे. भरधाव घोड्याचे फोटो सांगत होते की असं होतच नाही. चारही पाय हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा आहे. म्हणजे जगभरच्या चित्रकारांनी घोड्याची चाल अंदाजानं भरली होती, आणि अंदाज इतका झकास होता की बघणाऱ्याला कधी शंकाच आली नाही.

इथे मला आमचा पाचव्या पायाचा बैल आठवतो.

कारण एआय नेमकं हेच करतं. तुम्ही फोटो देता, ती त्याच्यासाठी फक्त एक फ्रेम. पुढच्या फ्रेम्स सुरुवातीला जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या नुसत्या कचऱ्याच्या असतात. मॉडेल तो कचरा टप्प्याटप्प्यानं साफ करत नेतं, तुमच्या फोटोशी जुळवून घेत आणि आधी शिकताना बघितलेल्या असंख्य व्हिडिओंच्या अंदाजानं. त्याला हाड माहीत नाही, सांधा माहीत नाही. चार पायांचं जनावर चालताना साधारण कसं दिसतं, एवढंच माहीत आहे. चालताना पाय एकमेकांच्या मागे लपतात आणि पुन्हा बाहेर येतात. लपलेला पाय बाहेर काढताना कोणता होता हे विसरलं की डाव्याचा उजवा होतो, नाहीतर एक जास्तीचा उगवतो. लंगडणं तर फारच लांब राहिलं. बहुतेक माणसं सरळ चालतात, म्हणून आजोबापण सरळ चालणार.

मग हालचाल ताब्यात कशी ठेवायची? मायब्रिजची मांडणी बघितली तर अर्धी उत्तरं तिथेच सापडतात. त्याचे कॅमेरे हलत नव्हते, भिंत हलत नव्हती, हलत होती ती फक्त घोडी. आपण मात्र ॲपमध्ये एका दमात लिहितो की आजोबा चालतायत, कॅमेरा गोल फिरतोय, वारा सुटलाय, मागं पाऊस पडतोय. मग काय हललं आणि काय नाही हे मॉडेललाही कळत नाही अन् आपल्यालाही. कॅमेरा स्थिर आहे असं आधी स्पष्ट लिहायचं आणि मग एकच गोष्ट हलवायची, याचा फरक लगेच दिसतो. आजोबांचं धोतर पांढरं आहे, टोपी तिरकी आहे हे पुन्हा लिहायची गरज नसते, ते फोटोतच आहे. शब्द हालचालीवर खर्च करायचे. काही ॲपमध्ये ब्रश असतो, तेवढाच भाग रंगवायचा आणि तेवढाच हलतो. काहींत हालचाल किती हवी याचा आकडा असतो. २०२३ मध्ये आलेल्या स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजनमध्ये हा आकडा १ ते २५५ असा ठेवता येतो आणि काही न निवडल्यास तो १२७ असतो. आकडा वाढवला की हालचाल वाढते, आणि तिच्यासोबत बिघाडपण. त्याच मॉडेलच्या दोन आवृत्त्या आहेत, एक १४ फ्रेम्स बनवते आणि दुसरी २५. मायब्रिजचे कॅमेरे आधी १२ होते, १८७९ मध्ये त्यानं ते २४ केले. योगायोग आहे, पण मला भारी वाटला.

सॅली गार्डनरच्या वेळी कॅमेऱ्यांमधलं अंतर होतं २७ इंच. ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही. दोरा तुटल्यावर फोटो निघतो म्हणजे फोटोंमधलं अंतर सारखं असतं, वेळ सारखी असेलच असं नाही. घोडी मध्येच मंदावली तर दोन फोटोंमधला वेळ वाढणार. शिवाय पक्षी काही दोरा तोडत नाहीत. म्हणून पुढे त्यानं घड्याळाच्या यंत्रावर चालणारी जोडणी केली, ठरावीक वेळानं एकेक शटर पडेल अशी. एआय वापरताना पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम दोन्ही आपणच द्यायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. मधला रस्ता मॉडेल भरतं. तिथे हाच हिशेब येतो. दोन फोटोंत फार अंतर असेल आणि व्हिडिओ पाचच सेकंदांचा असेल तर माणूस चालत नाही, वितळून एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. जवळजवळचे फोटो द्या, मग तो पाय उचलतो. आपले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवायला कुंडीपुढे कॅमेरा लावून रोज थोडंथोडं चित्रण करायचे, त्यांनाही हे मधलं अंतर सांभाळावंच लागलं.

असो, मायब्रिजकडे परत येऊ.

फोटो गाजले. ऑक्टोबर १८७८ मध्ये सायंटिफिक अमेरिकननं त्यावरून केलेली चित्रं छापली, आणि पट्टी कापून झोएट्रोप नावाच्या फिरत्या खेळण्यात घाला म्हणजे घोडा पळताना दिसेल असं वाचकांना सुचवलं. म्हणजे तुकडे करून थांबवलेली हालचाल परत जोडायची. मायब्रिजनं १८७९ मध्ये यासाठी स्वतःचं यंत्रच बनवलं, झूप्रॅक्सिस्कोप. काचेच्या गोल तबकडीच्या कडेनं घोड्याची एकामागून एक चित्रं, मागून दिवा, पुढे फटी असलेली दुसरी तबकडी उलट्या दिशेनं फिरणारी. पडद्यावर घोडा धावायचा.

आता यातली मेख बघा. उलट्या फिरणाऱ्या फटींमुळे पडद्यावर चित्र आडवं आकसून दिसायचं. घोडा बोकडाएवढा आखूड. म्हणून तबकडीवर घोडे मुद्दाम लांबट, ताणलेले रंगवावे लागले. फोटो थेट वापरता येईनात, फोटोंवरून हातानं चित्रं काढावी लागली. जो माणूस चित्रकारांना घोड्याचं खरं रूप शिकवत होता, त्याला घोडा खरा दिसावा म्हणून खोटा रंगवावा लागत होता.

१८८१ मध्ये तो पॅरिसला गेला. मेसोनिए हा घोड्यांच्या चित्रांसाठी नावाजलेला चित्रकार, त्यानं स्वतःच्या घरी बड्या मंडळींसमोर त्याचा खेळ लावला. देगानं त्याचे फोटो अभ्यासले. शिल्पकार रोदँ मात्र पुढे या सगळ्यावर वेगळं बोलला. त्याच्या मते खोटं बोलतो तो फोटो, कारण खऱ्या आयुष्यात काळ कधी थांबतच नाही, आणि जेरिकोचे उडते घोडे पळण्याची भावना जास्त खरी देतात. मला दोघांचंही पटतं. आजीसमोर फोन धरलेला असतो तेव्हा मायब्रिजचं जरा जास्त पटतं.

१८८२ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं व्याख्यान झालं. प्रिन्स ऑफ वेल्स, कवी टेनिसन, शास्त्रज्ञ हक्सली समोर बसलेले. टाळ्यांचा कडकडाट. रॉयल सोसायटीत निबंध छापायचं घाटत होतं. आणि त्याच वेळी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या पैशानं एक जाडजूड पुस्तक निघालं, द हॉर्स इन मोशन. लेखक म्हणून स्टॅनफर्डचे डॉक्टर मित्र स्टिलमन यांचं नाव. मायब्रिजच्या फोटोंवरून काढलेली चित्रं आत खच्चून भरलेली, पण मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. आत कुठेतरी कामावर ठेवलेला फोटोग्राफर म्हणून उल्लेख. रॉयल सोसायटीला वाटलं की काम दुसऱ्याचंच आहे, निबंध बाजूला पडला. मायब्रिजनं स्टॅनफर्डवर दावा लावला आणि तो हरला. घोडा मालकाचा, जागा मालकाची, पैसा मालकाचा, मग हालचाल टिपणाऱ्याचं काय? आपले फोटो आणि व्हिडिओ न विचारता एआयला शिकवायला वापरले म्हणून कलाकार आज कोर्टात जातायत, त्यांना हा खटला ओळखीचा वाटेल.

पुढची संधी दिली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठानं. १८८४ पासून फिलाडेल्फियात त्यानं माणसं आणि प्राणी अक्षरशः रांगेनं कॅमेऱ्यांसमोरून चालवले. जिना चढणारी बाई, उडी मारणारा पैलवान, बादली उचलणारी, दगड फेकणारा, प्राणिसंग्रहालयातला हत्ती. आजारामुळे चाल बिघडलेले हॉस्पिटलातले रुग्णसुद्धा. होय, लंगडणारी माणसंही. आता समोरून, मागून आणि बाजूनं एकाच वेळी फोटो निघायचे, मागे चौकटींची जाळी. अनेक मॉडेल्स उघडी, आणि त्यांत खुद्द मायब्रिजही, पन्नाशी उलटलेला, लांब पांढऱ्या दाढीचा. १८८७ मध्ये ७८१ पानांचा संच आला, ॲनिमल लोकोमोशन. त्यात २० हजारांच्या आसपास फोटो.

इथेही ढग चिकटवायची खोड गेली नव्हती. मार्टा ब्रॉन या अभ्यासिकेनं पुढे ती पानं बारकाईनं तपासली तेव्हा अनेक ठिकाणी क्रम जुळेना. एखादा फोटो बिघडला असेल तर दुसरीकडचा घातलेला, आकडे पुन्हा घातलेले, तीन बाजूंचे फोटो एकाच क्षणाचे असल्याचं भासवलेलं. पान बघायला अखंड वाटावं म्हणून त्यानं मधल्या जागा भरल्या होत्या. शास्त्र म्हणून ही फसवणूकच आहे. पण त्याच्यामुळे फोटोग्राफीकडे वळलेला फ्रान्समधला मारे हा शास्त्रज्ञ या बाबतीत चोख निघाला, त्यानं १८८२ मध्ये बंदुकीसारखा एकच कॅमेरा बनवून उडते पक्षी टिपले.

१८८८ च्या फेब्रुवारीत मायब्रिज एडिसनला भेटला. तुझा फोनोग्राफ आणि माझं यंत्र जोडून बोलती चित्रं करू, असा विषय तिथे निघाला होता असं मायब्रिज सांगायचा, एडिसन नाही म्हणायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एडिसननं हलत्या चित्रांच्या यंत्राची कल्पना सरकारदरबारी नोंदवून टाकली. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत मायब्रिजनं खास इमारतीत झूप्रॅक्सिस्कोपचे खेळ लावले, तिकीट ठेवलं. चालले नाहीत. दोन वर्षांत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला आणि ७ जुलै १८९६ ला तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही पोचला. तबकडीवर बारा-पंधरा चित्रं गोल गोल फिरवणारं यंत्र एका फटक्यात जुनं झालं.

त्याची पद्धत मात्र मेली नाही. १९९९ च्या द मॅट्रिक्समध्ये गोळ्या चुकवणारा नायक आठवतोय? त्यासाठी साध्या फोटो कॅमेऱ्यांची रांग वळणावर मांडून एकामागून एक शटर पाडली होती, आणि मधल्या फ्रेम्स कॉम्प्युटरनं भरल्या होत्या. २०१७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जिवंत जीवाणूच्या डीएनएमध्ये एक छोटा व्हिडिओ साठवून परत वाचून दाखवला. तो होता मायब्रिजच्या ॲनी जी या घोडीचा, पाच फ्रेम्सचा.

माझ्या व्हिडिओचं पुढे काय झालं तेही सांगतो. मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजोबा मांडवातून चालत जातात, मोजून अकरा पावलं. दुसऱ्या व्हिडिओतली हालचाल उचलून फोटोतल्या माणसाला लावायची सोय आता आहे, तर तो तुकडा कापून दिला. पहिल्या खेपेला मॉडेलनं लंगडणं म्हणजे काहीतरी चूक आहे असं समजून ते गुळगुळीत करून टाकलं. बैल काढून टाकले, कॅमेरा स्थिर ठेवला, तुकडा चारच पावलांचा केला, तेव्हा सहाव्या खेपेला डावा खांदा जरा खाली गेला. आजीला तो अजून दाखवलेला नाही. तिनं कॅसेटच परत लावायला सांगितली आहे आणि आमच्याकडे व्हीसीआर नाही.

मायब्रिज १८९४ मध्ये किंग्स्टनला परतला. प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींवर दोन पुस्तकं काढली, १८९९ आणि १९०१ मध्ये, आणि ती विकलीही गेली. यंत्र आणि तबकड्या गावच्या म्युझियमला देऊन टाकल्या. शेवटच्या दिवसांत तो नातेवाइकांच्या घरी राहायचा आणि परसात फावडं घेऊन खड्डे खणत असायचा. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सची मापात बसणारी प्रतिकृती करायचं त्याच्या मनात होतं. ८ मे १९०४ ला तो गेला, वय ७४. तळी अर्धवटच राहिली. वोकिंगला त्याच्या नावाचा दगड बसवला गेला. आयुष्यभर ज्यानं आपलं नाव स्वतःच्या हातानं बदलत नेलं, त्याच्या दगडावर पाथरवटानं शेवटचा बदल केला. तिथे कोरलंय, मेब्रिज.